पेटी उघडायची की नाही? जपानी लोककथा आणि आपलं बोट

आजचा प्रश्न सरळ आहे. जी गोष्ट पिढ्यानपिढ्या नुसती ऐकली गेली, तिच्यात ऐकणाऱ्याला हात घालू दिला, तर ती तीच गोष्ट राहते का?

आधी जपानच्या रस्त्यावर जाऊ. १९३०च्या दशकात तिथे 'कामिशिबाई' जोरात होतं. कामिशिबाई म्हणजे कागदी नाटक. गोष्टवाला सायकलवरून यायचा, लाकडी ठोकळे वाजवून पोरं गोळा करायचा, आधी गोळ्या-मिठाई विकायचा आणि मग चौकटीतून एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा. गंमत त्या सरकवण्यातच होती. चित्र अर्धंच ओढायचं, थांबायचं, पोरांचे चेहरे बघायचे, मग झटकन पुढचं! म्हणजे इंटरॅक्शन होतंच, पण कंट्रोल गोष्टवाल्याकडे.

गेममध्ये तो आपल्याकडे येतो. २००६चा 'ओकामी' घ्या. यात सूर्यदेवी अमातेरासू पांढऱ्या लांडग्याच्या रूपात येते. सगळं जग शाईच्या चित्रासारखं दिसतं. मध्येच खेळ थांबतो, स्क्रीनचा कागद होतो आणि आपण ब्रशने रेघ मारतो.

आता बघा. इसवी सन ७१२च्या 'कोजिकी' ग्रंथात सुसानोओ हा देव आठ डोक्यांच्या ओरोचीला साके पाजून मारतो. गेममध्येही साके आहे, पण ती धार ब्रशने ओरोचीच्या तोंडापर्यंत आपण नेतो. आणि सुसानो? इथे तो नुसता बढाईखोर माणूस आहे. तो तलवार फिरवतो, भलामोठा दगड दुभंगतो, गडी खूश! खरी रेघ आपण मारलेली असते. प्रसंग जुना, नजर नवी.

पण प्रत्येक गोष्टीत हे इतकं सोपं नाही. उराशिमा तारोची कथा ऐकलीये? हा कोळी एका कासवाला वाचवतो आणि समुद्राखालच्या महालात पोचतो. परत निघताना तिथली राजकन्या ओतोहिमे त्याला पेटी देते आणि बजावते, उघडू नकोस. गावात येतो तर शेकडो वर्षं उलटलेली. तो पेटी उघडतो आणि क्षणात म्हातारा होतो.

समजा, आपण याचं ॲप बनवतोय. पहिली आयडिया काय येते? दोन बटणं: 'उघडा' आणि 'नको'. 'नको' दाबलं की सुखी शेवट. माझ्या मते इथेच गोष्ट मरते, कारण मग उरते फक्त क्विझ.

त्यापेक्षा बटणंच काढून टाका. खेळणाऱ्याला गावात फिरू द्या. दार ठोठावलं, अनोळखी चेहरा. आईचं नाव विचारलं, कुणालाच माहीत नाही. सगळ्या गावात बोट लावल्यावर ओळख देणारी एकच वस्तू उरते, ती पेटी. शेवट बदलला नाही, पण 'त्याने का उघडली?' हा प्रश्न आता कुणी विचारणार नाही. कारण उघडणारं बोट आपलंच असेल.

म्हणून लोककथा इंटरॅक्टिव्ह करताना किती शेवट देता हे मोजू नका. कोणती कृती ऐकणाऱ्याच्या हातात देता, ते ठरवा.

तुम्ही असतात तर पेटी उघडली असतीत का? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!