नवा फ्रीझर बोंब का ठोकतो?

अकोल्याच्या एका आईस्क्रीम विक्रेत्याने विचारलंय: भर मे महिन्यात नवा डीप फ्रीझर लावला, बटण दाबताच अलार्म सुरू. तापमानाचा आकडा 41. मशीनच खराब आलं का?

नाही हो, ते खरं बोलतंय. ठरलेल्या मर्यादेवर तापमान दिसलं की सेन्सर बोंबलणार. फ्रीझर आत्ताच लावलाय हे त्याला कोण सांगणार? काही कंट्रोलरमध्ये सुरुवातीचे काही तास अलार्म रोखून धरायची सोय असते, सगळ्यांत नसते. म्यूट दाबा, आवाज जाईल, लाल दिवा राहील. तो आपला आपण विझेपर्यंत माल भरू नका. लोक घोटाळा करतात तो इथेच. आतली हवा लवकर गार होते. पत्रा आणि जाळ्यांमधली उष्णता निघायला तास लागतात. त्यात कोणी सीताफळाचा कोमट गर ठेवला तर झालंच! 30 अंशांचं किलोभर पाणी शून्यावर आणायला 126 किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि त्याचा बर्फ करायला आणखी 334. दुकानातला फ्रीझर गोठलेला माल सांभाळतो. गोठवण्याचं काम त्याचं नव्हे.

अलार्मच नसेल तर काय होतं, ते जेम्स हॅरिसनने भोगलं. हा आमच्याच धंद्यातला, ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगचा वृत्तपत्र संपादक. छपाईचे खिळे ईथरने पुसताना गार पडतात हे त्याने हेरलं, असं सांगतात. 1850च्या दशकात त्याने ईथरवर चालणारं बर्फाचं यंत्र उभं केलं. 1873 मध्ये ‘नॉरफोक’ जहाजातून गोठवलेलं मांस लंडनला धाडलं, पण बोटीवर यंत्राऐवजी बर्फ-मिठाच्या टाक्या होत्या. त्या गळल्या, मांस वाटेतच सडलं आणि हॅरिसनचं दिवाळं निघालं. शीतकरणाचा विषय निघाला की जर्मन इंजिनिअर लिंडेचं नाव आधी घेतात. मला ते खटकतं.

आता फ्रीझरच्या जाहिरातीतल्या ‘उणे 24’ अंशांबद्दल. पाटीवर क्लायमेट क्लास ‘टी’ असेल, तर हमी बाहेरच्या 43 अंशांपर्यंतच. लसींच्या फ्रिजसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा ‘उष्ण’ विभागही 43 वरच थांबतो. अकोला-अमरावतीचा पारा मे महिन्यात 45 ओलांडतो, तो काय पाटी वाचून? कंडेन्सरला उष्णता याच तापलेल्या हवेत सोडायची असते, म्हणून कॉम्प्रेसर धापा टाकतो.

तेव्हा फ्रीझर रात्री, रिकामाच सुरू करा. भिंतीपासून अंतर ठेवा. आडवा आणला असेल तर आधी काही तास उभा ठेवा, ऑइल खाली उतरू द्या. दुसऱ्या दिवशीही रिकामा फ्रीझर बोंबलतच असेल, तर दाराचं रबर बघा आणि मेकॅनिकला फोन लावा.