मोजणीतला तिसरा आकडा

२८ फेब्रुवारी २०२७ ची मध्यरात्र उलटून १ मार्च लागेल, त्या क्षणी भारतात किती माणसं आहेत याचा हिशेब सरकार मांडणार आहे. तशी अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. बर्फाळ प्रदेशांसाठी हीच वेळ ऑक्टोबर २०२६ ची ठेवली आहे. मागची जनगणना २०११ ची. २०२१ ची कोविडमध्ये राहून गेली, त्यामुळे यंदा दहाऐवजी सोळा वर्षांनी दार वाजणार आहे. या वेळी प्रगणकाच्या हातात मोबाइल असेल, जात विचारली जाईल, आणि ज्यांना जमेल त्यांना आपली माहिती आपणच ऑनलाइन भरता येईल.

या मोजणीत आपण कुवेतकर नसू. मोजणीचा सगळा काळ जो देशाबाहेर आहे, त्याचं नाव तिथल्या घराच्या यादीत येत नाही. पण आपले आईवडील, सासूसासरे, भाऊ-वहिनी, शिकायला पुण्यात ठेवलेली मुलं असतील. दार ते उघडतील, उत्तरं ते देतील. म्हणून हा विषय आपल्या अंकात.

आकड्याचं महत्त्व आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. कुवेतमध्ये आपण भारतीय साधारण दहा लाख आहोत, हे जाब्रियातल्या आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. आपण इथला सर्वांत मोठा परदेशी समाज आहोत म्हणून इतक्या भारतीय शाळा आहेत, विमानांच्या इतक्या फेऱ्या आहेत, आणि दूतावासाच्या दारात आपलं म्हणणं ऐकून घेतलं जातं. दहा लाख हा नुसता आकडा नाही, ती आपली पत आहे. मग ज्यांचा आकडाच कुणाला ठाऊक नाही, त्यांची पत काय?

यंदा जातीच्या रकान्यावर पुष्कळ लिहून येतं आहे. मला लिहायचंय ते त्याहून लहान रकान्याबद्दल. २०११ च्या कुटुंब अनुसूचीत २९ प्रश्न होते. पहिला नाव, दुसरा कुटुंबप्रमुखाशी नातं, तिसरा लिंग. त्यात पुरुषाला कोड १, स्त्रीला कोड २, आणि भारताच्या जनगणनेत पहिल्यांदाच 'इतर' असा कोड ३. तोवर तृतीयपंथी माणसाची नोंद पुरुष किंवा स्त्री अशीच होत असे.

मी तेव्हा शाळेत नवीनच लागले होते आणि रिवाजाप्रमाणे जनगणनेची ड्यूटी आली. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी फेब्रुवारीचे तीन आठवडे मी शाळा सुटल्यावर घरोघर फिरले. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की कोड ३ आपल्या मनानं लिहायचा नाही. उत्तर देणाऱ्यानं पुरुष किंवा स्त्री लिहू नका असं सांगितलं, तरच 'इतर'. ऐकायला हे योग्यच वाटतं, माणसाच्या इच्छेचा मान ठेवणारं. पण प्रत्यक्षात घडायचं असं, की दारात आजोबा नाहीतर सासूबाई उभ्या असत आणि त्या एका दमात सगळ्या घराची माहिती सांगत. "हा थोरला, ही त्याची बायको, हा नातू." लिंगाचा प्रश्न विचारायची वेळच येत नसे. नातं सांगितलं की लिंग त्यातच आलं. मुलगा म्हटलं की १, सून म्हटलं की २. मराठीत नात्याच्या शब्दालाच लिंग असतं.

माझ्या भागात एक घर मात्र वेगळं होतं. एका गुरूसोबत चार चेले राहत होते. चहा झाला, फॉर्म उघडला, तेव्हा गुरूंनीच विचारलं, "बाई, आमचं काय लिहिणार?" म्हटलं, तुम्ही सांगाल ते. त्यांनी प्रत्येकीला वेगळं विचारलं. तिघींनी स्त्री लिहायला सांगितलं, दोघींनी 'इतर'. म्हणजे बाहेरच्या जगाच्या लेखी जे घर सरळसरळ तृतीयपंथीयांचं, त्यातून कोड ३ मध्ये गेल्या दोघीच. आणि त्यात चूक काहीच नव्हती. जिनं स्त्री सांगितलं तिला तसंच म्हणायचं होतं.

देशभरातल्या अशा सगळ्या दारांची बेरीज होऊन आकडा आला ४ लाख ८७ हजार ८०३. महाराष्ट्राचा ४० हजार ८९१. आज कुठल्याही भाषणात, सरकारी योजनेत, बातमीत हाच आकडा 'तृतीयपंथीयांची लोकसंख्या' म्हणून येतो. जनगणना कार्यालय स्वतः मात्र स्पष्ट सांगतं की ही तृतीयपंथीयांची मोजणी नव्हे. 'इतर' मध्ये ज्याला ज्याला तसं लिहायचं होतं तो कुणीही असू शकतो, आणि कित्येक तृतीयपंथीयांनी पुरुष किंवा स्त्री असंही लिहून घेतलं असेल. या आकड्यातली सुमारे ५५ हजार तर शून्य ते सहा वर्षं वयोगटातली बाळं आहेत. त्या वयात मूल स्वतः काय सांगणार? त्यांच्या वतीनं कुणीतरी मोठ्यानं सांगितलं, किंवा कुणीतरी लिहिलं.

आता दुसरी यादी पाहा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी देशाच्या मतदार यादीत तृतीयपंथी म्हणून नोंद असलेले होते ४८ हजार ४४. एका सरकारी कागदावर पावणेपाच लाखांच्या वर, दुसऱ्यावर पन्नास हजारही नाहीत. मतदार यादीत लहान मुलं नसतात हे धरलं, तरी एवढी तफावत भरून निघत नाही. कारण तिथे नाव, फोटो, ओळखपत्र, पत्ता सगळं जोडलेलं असतं. घर सोडलेल्या माणसाकडे पत्त्याचा पुरावा नसतो, शाळेच्या दाखल्यावर वेगळंच नाव असतं. आणि नावासह उघडपणे 'तिसरे' म्हणून नोंद करायला धैर्य लागतं.

आकडा का लागतो याचं उत्तर जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावानं दिलं. तिथे अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. अर्ज फेटाळला गेला, कारण त्या तृतीयपंथी. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की आपली ओळख ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे, त्यांना स्त्री म्हणून लढू द्या. त्या लढल्या आणि निवडूनही आल्या. त्याच्या आधी, २०१७ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावानं ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच निवडलं होतं. पुढे २०२२ च्या डिसेंबरमध्ये पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात तिसरा पर्याय नाही म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सरकारला तो पर्याय द्यावा लागला. तीन उदाहरणांतली दोन एका चौकोनापाशी अडली होती. फॉर्ममध्ये चौकोन नसेल तर माणसाला पुढचं पान उघडत नाही, आणि असे चौकोन का हवेत हे पटवायला खात्याला आकडा लागतो.

पण मोजणीला दुसरी बाजूही आहे आणि ती विसरून चालणार नाही. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात 'युनक' म्हणून एक वेगळा भाग घातला. त्यांची नावं, पत्ते, मालमत्ता यांच्या नोंदवह्या ठेवल्या. नोंद झालेल्यानं बायकी पोशाखात रस्त्यावर नाचणं-गाणं हाही गुन्हा. निजामाच्या राज्यात १९१९ मध्ये तसाच कायदा आला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. हा कायदा तेलंगणाच्या उच्च न्यायालयानं रद्द केला तो थेट जुलै २०२३ मध्ये. म्हणजे यांना पहिल्यांदा मोजलं ते द्यायला नव्हे, धरायला. आज कुणी म्हातारी गुरू फॉर्म पाहून गप्प झाली, तर त्या गप्प बसण्यामागे शंभर-दीडशे वर्षं आहेत.

लैंगिक कल, म्हणजे कुणाचं मन कुणाकडे ओढ घेतं, हा प्रश्न भारताची जनगणना विचारत नाही. पण त्याच्या आकड्यावरूनही आपल्याकडे मोठं महाभारत झालं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा दिलेल्या कारणांतलं एक असं, की असे लोक लोकसंख्येच्या अगदी नगण्य अंशाएवढे आहेत. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयानं तो निकाल बाजूला सारला आणि बजावलं, की हक्क डोकी मोजून मिळत नसतात. मला हे दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. हक्काला आकडा लागत नाही. मात्र रुग्णालयातला वॉर्ड, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांना लागतो.

जगात इतरत्र काय झालं? आपल्यापैकी पुष्कळांची भावंडं कॅनडा, इंग्लंड, अमेरिकेत आहेत, त्यांनी हे फॉर्म स्वतः भरले आहेत. कॅनडानं २०२१ मध्ये जन्माच्या वेळचं लिंग आणि आजची ओळख असे दोन वेगळे प्रश्न विचारले. पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३ कोटी ५ लाख लोकांत १ लाख ८१५ जण पारलिंगी किंवा दोन्ही चौकटींबाहेरचे निघाले. इंग्लंड-वेल्सनं त्याच वर्षी सोळा वर्षांवरच्यांना दोन प्रश्न विचारले, पण उत्तर देणं ऐच्छिक ठेवलं. लैंगिक कलाच्या प्रश्नावर सुमारे ३.२ टक्के लोकांनी आपण समलैंगिक, उभयलैंगिक किंवा तत्सम असल्याचं लिहिलं. ओळखीच्या प्रश्नावर २ लाख ६२ हजार.

या दुसऱ्या आकड्याचं पुढे जे झालं ते आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. सर्वाधिक पारलिंगी लोक लंडनच्या न्यूहॅम आणि ब्रेंट या भागांत दिसले, जिथे आशियाई वस्ती मोठी. तपासल्यावर शंका आली की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांतल्या काहींना प्रश्नच नीट कळला नसावा. २०२४ मध्ये त्या आकडेवारीचा 'मान्यताप्राप्त' हा शिक्का काढून घेण्यात आला. लाखो रुपये खर्चून तयार केलेला प्रश्न केवळ भाषेपायी डळमळला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियानं २०१५ मध्ये कायदाच केला, की आरोग्य आणि समाजकल्याणाशी संबंधित चार खात्यांनी लोकांची माहिती घेताना लैंगिक कल आणि लिंगओळख विचारायची, सांगणं मात्र ऐच्छिक. साऱ्या देशासाठी असंच विधेयक जून २०२२ मध्ये प्रतिनिधी सभेत मंजूर झालं, पण पुढे कायद्यात उतरलं नाही. आणि जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानंतर केंद्राच्या अनेक पाहण्यांतून लिंगओळखीचा प्रश्न काढून टाकला गेला. कायदा नसलेला रकाना सरकार बदललं की पुसला जातो, हा त्यातला धडा.

इथे कुवेतमध्ये सिव्हिल आयडीवर दोनच पर्याय आहेत, इथले कायदे निराळे आहेत, आणि पाहुण्यानं त्यावर बोलावं असं मला वाटत नाही. आपलं मत आणि आपलं माणूस तिकडे आहे, म्हणून तिकडचं बोलते.

आपल्याकडचा जनगणना कायदा १९४८ चा. त्यात एक गमतीशीर वाटणारी तरतूद आहे. घरातल्या बाईचं नाव सांगायची सक्ती पुरुषावर नाही, आणि जे नाव घेणं रूढीनं वर्ज्य आहे, जसं नवऱ्याचं, ते घेण्याची सक्ती बाईवर नाही. उखाण्याशिवाय नाव न घेणाऱ्या आपल्या आज्यांचा संकोच त्या कायद्यानं जपला. याच कायद्याच्या १५ व्या कलमानुसार जनगणनेत दिलेली माहिती गुप्त राहते, कुणाला पाहता येत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणजे विचारायचं, पण माणसाचा संकोच सांभाळून, आणि ऐकलेलं चव्हाट्यावर न आणता. ही दृष्टी आपल्या कायद्यात पहिल्यापासून आहे. ती कोड ३ पर्यंत न्यायची आहे, इतकंच.

त्यासाठी शब्दही नीट हवेत. इंग्लंडमध्ये घोटाळा झाला तो आपल्याकडे बावीस भाषांत होऊ शकतो. मराठीत 'लिंग' हा एकच शब्द व्याकरणाला, शरीराला आणि ओळखीलाही. तृतीयपंथी, किन्नर, पारलिंगी या शब्दांचे अर्थ एक नाहीत, आणि प्रत्येकाला प्रत्येक शब्द चालत नाही. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांनी वर्षानुवर्षं साध्या मराठीत यावर लिहिलं आहे. प्रगणकांच्या प्रशिक्षणात असं काही आलं तर एका तासात काम होईल. शाळेत तिन्ही लिंगं शिकवताना कुठलंही मूल हसत नाही. ते हसायला शिकतं ते नंतर, आपल्याकडून.

२०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१९ मध्ये संसदेनं त्यांच्यासाठी कायदा केला. त्यानंतरची ही पहिलीच जनगणना. प्रगणक कितीही चांगला असला तरी तो दारापर्यंतच येतो. उंबऱ्याच्या आत कोण कुणाच्या वतीनं बोलतं, हे घरानं ठरवायचं असतं. तेव्हा फेब्रुवारी २०२७ मध्ये गावी फोन कराल तेव्हा एवढं सांगा. प्रत्येक मोठ्या माणसाला आपला रकाना आपल्या तोंडानं सांगू द्या. कुणी गप्प राहिलं तर त्याच्या गप्प बसण्याचाही मान ठेवा. आणि आपल्या नात्यात, वाड्यात, कॉलेजात असं कुणी असेल, ज्याचं नाव फोनवर हल्ली निघत नाही, तर यंदा त्याची किंवा तिची चौकशी करा. सरकार मोजेल तेव्हा मोजेल. घरच्यांनी मोजायला मार्च २०२७ ची वाट बघायची गरज नाही.