तीन पुरांच्या याद्या. तिन्हींतले घर कसे शोधायचे?

कुरुंदवाड : पंचगंगेच्या काठावरच्या या शहराने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले. पुनर्वसनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, तिन्ही वेळा पाण्यात गेलेली घरे कोणती? समजा, तिन्ही वर्षांच्या पंचनाम्यांच्या याद्या संगणकावर आहेत. मग समान घरे काढणे मिनिटाभराचे काम वाटते. तसे ते नाही.

‘आर’ ही संख्याशास्त्रासाठी वापरली जाणारी मोफत संगणकीय भाषा. तिच्यातील ‘इंटरसेक्ट’ ही आज्ञा दोन याद्यांतील समान नोंदी देते. दोनच. आलेले उत्तर मग तिसऱ्या यादीशी ताडायचे. याद्या दहा असल्या तर ‘रिड्यूस’ ही आज्ञा हीच साखळी आपोआप चालवते.

खरी अडचण अक्षरांची. संगणक अर्थ पाहत नाही. शेजारचेच गाव घ्या : एका यादीत नृसिंहवाडी, दुसरीत नरसोबाची वाडी, तिसरीत नुसतेच वाडी. शिरोळ तालुक्यात कोणालाही विचारा, गाव एकच. संगणकाला मात्र तीन. ‘कुरुंदवाड’मधला ‘रु’ दीर्घ झाला किंवा नावामागे एक मोकळी जागा राहिली, तरी नोंद जुळत नाही आणि घर यादीबाहेर जाते. म्हणून गावासाठी जनगणनेचा सहा अंकी संकेतांक आणि घरासाठी मिळकत क्रमांक वापरणे बरे. फेरआकारणीत मिळकत क्रमांकही बदलू शकतो; तेव्हा जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता हाताशी हवा.

उलटी चूक अधिक फसवी. क्रमांकाचा रकाना रिकामा असलेल्या नोंदी दोन्ही याद्यांत असतील, तर ‘आर’मधील ‘मर्ज’ ही आज्ञा त्या रिकाम्या जागाच एकमेकींशी जुळवते. एकीत अशा २० आणि दुसरीत ३० नोंदी असल्या, तर ६०० खोट्या जोड्या तयार! अशा नोंदी आधीच बाजूला काढून हाताने तपासाव्या लागतात.

मुळात ‘तिन्ही याद्यांत’ ही अटच कडक आहे. कुटुंब नातेवाइकांकडे गेलेले, पंचनाम्याच्या दिवशी दाराला कुलूप, एवढ्यानेही घर एका यादीतून गळू शकते. त्यामुळे प्रत्येक घर किती याद्यांत आले, ते मोजणे चांगले. प्रत्येक यादीतील दुबार नोंदी काढायच्या, तिन्ही याद्या एकाखाली एक जोडायच्या आणि ‘टेबल’ ही आज्ञा द्यायची. प्रत्येक घरापुढे ३, २ किंवा १ असा आकडा येतो. ज्यांच्यापुढे २ आले, ती घरे प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय यादी अंतिम करू नये.