विरार लोकलचा फिरता कट्टा

विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. त्या काळी ती बॅकबेपर्यंत जात असे. दिवसाकाठी जाणारी एक आणि येणारी एक, एवढीच काय ती सेवा. सकाळी विरारहून निघायचे आणि संध्याकाळी मुंबईहून परतायचे, हा पुढच्या दीड शतकाचा दिनक्रम त्या एका जोडीतच आखला गेला होता. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारला पोहोचली. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेल्याची नोंद झाली. यांतला फार मोठा वर्ग पोटापाण्यासाठी रोज दक्षिणेकडे जातो. हा वर्ग गाडीत नेमके काय करतो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. जलद गाडीने सरासरी दीड तास धरला, तर जाऊन-येऊन तीन तास होतात. वर्षात कामाचे २८० दिवस मानले, तर ८४० तास, म्हणजे वर्षातले पूर्ण ३५ दिवस गाडीत जातात. पंचवीस वर्षे नोकरी केलेल्या चाकरमान्याने जवळजवळ अडीच वर्षे अहोरात्र लोकलमध्ये काढली, असा त्याचा अर्थ. एवढा वेळ माणूस गप्प बसू शकत नाही. त्यातून जन्माला आला तो ‘ग्रुप’. या शब्दाला मराठीत मंडळ, मेळा, टोळके असे पर्याय असले, तरी डब्यात ‘ग्रुप’च चालतो. (‘डबा’ हा शब्दही इथे दुहेरी कामाचा आहे. एका डब्यात बसायचे आणि दुसरा मांडीवर धरायचा!)

ग्रुप तयार होण्याची प्रक्रिया ठरलेली असते. एकच गाडी, एकच डबा, एकच दरवाजा. नालासोपाऱ्याचा उतारू बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट विरारला जातो आणि त्याच गाडीने परततो. पहिले काही महिने नुसती नजरानजर. मग ‘जरा सरकता का’ एवढेच संभाषण. चौथ्या सीटवर अर्धे टेकलेल्याला बोरिवलीनंतर कोणी तरी आपली जागा देऊ करतो आणि इथे ओळखीची पहिली गाठ बसते. नंतर वर्तमानपत्राची पाने वाटून वाचली जातात, पत्त्यांचा डाव पडतो, कुठे टाळ निघतात आणि भजन सुरू होते. दसऱ्याच्या सुमारास डब्याला तोरण लागते, पूजा होते, पेढे वाटले जातात. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर सुरू झालेली महिला विशेष गाडी पुढे विरारपर्यंत आली, तेव्हा महिलांच्या डब्यांतील ग्रुपनाही हक्काची गाडी मिळाली. परतीच्या वाटेवर भाजी निवडता निवडता तिथे होणाऱ्या चर्चेचा आवाका पुरुषांच्या डब्यापेक्षा कमी नसतो, उलट अधिकच असतो.

या गप्पांना पुष्कळदा ‘टाइमपास’ म्हणून मोडीत काढले जाते. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी मात्र १९२३ मध्ये अशा बोलण्याला शास्त्रीय नाव दिले होते, ‘फॅटिक कम्युनियन’. माहिती देणे हा ज्याचा हेतू नाही, केवळ सोबत टिकवणे हाच ज्याचा हेतू, असे बोलणे. ‘काय, आज उशीर?’ या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसते. तू आलास हे आम्ही पाहिले, एवढीच त्यातली पोच असते. तथापि विरार लोकलमधील गप्पा एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांचे तीन विषय पिढ्यानपिढ्या टिकून आहेत: क्रिकेट, काम आणि गेलेली माणसे.

क्रिकेटला पहिला मान मिळण्यामागे भूगोलही आहे. वानखेडे स्टेडियम चर्चगेट आणि मरीन लाइन्स यांच्या दरम्यान रुळांना जवळजवळ खेटून उभे आहे, त्यामुळे विरारच्या उतारूच्या प्रवासाचे एक टोकच मुळी क्रिकेटच्या मैदानाशी आहे. २ एप्रिल २०११ चा विश्वचषकाचा अंतिम सामना आणि नोव्हेंबर २०१३ मधील सचिन तेंडुलकरची अखेरची कसोटी या दोन्ही घटना तिथल्याच. तेंडुलकरने १६ नोव्हेंबर २०१३ रोजी निरोप घेतला आणि चारच दिवसांनी गप्पांना नवा विषय मिळाला तो थेट विरारचा. आझाद मैदानावर हॅरिस शील्ड स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून खेळताना चौदा वर्षांच्या पृथ्वी शॉने ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. विरारहून वडिलांबरोबर वांद्र्यापर्यंत रोज ये-जा करणारा हा मुलगा होता. त्या खेळीचे आकडे जगाला थोर वाटले. डब्यातल्या मंडळींना थोर वाटले ते हे, की पहाटेच्या गाडीत किट बॅग घेऊन चढणे काय असते हे त्यांना ठाऊक होते.

शॉने ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणातच १३४ धावा केल्या. नंतरची वाट मात्र सरळ राहिली नाही. २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून त्याला वगळण्यात आले, त्याच वर्षी आयपीएलच्या लिलावात त्याला कोणी घेतले नाही, आणि २०२५ मध्ये तो महाराष्ट्राच्या संघाकडे गेला. अशा खेळाडूविषयी दूरचित्रवाणीवरील तज्ज्ञ फटकन निकाल देतात. ग्रुपमध्ये तो निकाल वर्षानुवर्षे लांबतो. कोणी शिस्तीचा मुद्दा काढतो, कोणी वयाचा, कोणी आपल्या पुतण्याचे उदाहरण देतो, आणि बोलता बोलता चर्चा शॉची न राहता ‘मुलांना किती ताणावे’ यावर येऊन ठेपते. खेळाविषयीच्या गप्पांचा खरा उपयोग हाच असावा. घरातली जी गोष्ट थेट बोलता येत नाही, ती दुसऱ्याच्या मुलाच्या नावाने बोलता येते.

पालघरच्या शार्दूल ठाकूरबद्दल मात्र डब्यात दुमत नाही. दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून २०१८ मध्ये परतल्यावर तो अंधेरीहून पालघरला लोकलने घरी गेला, ही बातमी त्याच्या बळींपेक्षा जास्त वेळा सांगितली गेली.

कामाचा विषय याच ओघात येतो. कोणाच्या कार्यालयात संगणकीकरण झाले, कोणाला स्वेच्छानिवृत्तीचे पत्र आले, कोणाच्या कंपनीत जागा निघाली, याची वार्ता डब्यात सर्वांत आधी पोहोचते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना विचारले होते, की ती ओळख किती जवळची होती. नेहमी भेटणाऱ्याकडून नोकरी कळली असे सांगणारे जेमतेम सहांतले एक निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली होती. कारण सोपे आहे. जवळच्या मित्राला आपल्याइतकेच ठाऊक असते, नव्या वार्तेसाठी वेगळ्या वर्तुळातला माणूस लागतो. डब्यातील ओळख या मांडणीत नीट बसत नाही. तिथे भेट रोजची, पण वर्तुळे निरनिराळी. बँकेतला कारकून, दवाखान्यातला तंत्रज्ञ, हिऱ्यांच्या बाजारातला दलाल आणि मंत्रालयातला शिपाई एरवी गुडघ्याला गुडघा लावून कुठे बसणार? नात्याची ऊब जवळच्या मैत्रीची आणि उपयोग दूरच्या ओळखीचा, असा दुहेरी लाभ इथे होतो. साहेबाविषयीची तक्रारही इथेच निर्धास्तपणे करता येते, कारण ऐकणारा दुसऱ्याच कार्यालयातला असतो.

या मैत्रीचे एक वैशिष्ट्य म्हणजे तिचे अपुरेपण. वर्षानुवर्षे शेजारी बसणाऱ्याचे आडनाव कित्येकदा माहीत नसते. ‘एलआयसीवाले’, ‘नायगावकर’, ‘खिडकीवाले काका’ एवढ्यावर भागते. हे अपुरेपण किती महाग पडू शकते, हे ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी कळले. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड या परिसरांत. बॉम्ब प्रथम वर्गाच्या डब्यांत होते, वेळ घरी परतण्याची होती आणि गाड्या उत्तरेकडे निघालेल्या होत्या. १८९ जण मृत्युमुखी पडले, ८०० हून अधिक जखमी झाले. दूरध्वनी लागत नव्हते. कोण कोणत्या गाडीत, कोणत्या डब्यात असणार, हे ग्रुपमधल्यांना अचूक माहीत होते. पण रुग्णालयातल्या यादीत शोधायचे कोणते नाव, हे अनेकदा माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धावल्या. त्याचे ‘मुंबईचे स्पिरिट’ म्हणून कौतुकही झाले. ते कौतुक काहीसे आंधळे होते, कारण कामावर न जाण्याचा पर्याय बहुतेकांपुढे नव्हताच. त्या सकाळी डब्यात जी हजेरी घेतली गेली, ती कोणाच्या अग्रलेखात आली नाही.

बरोबर आठवड्याने, १८ जुलैच्या संध्याकाळी, भोंगे वाजले आणि शहर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले. तत्कालीन राष्ट्रपती एपीजे अब्दुल कलाम माहीम स्थानकावर आले होते. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्व बारा जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यांतील एकाचा तोवर मृत्यू झाला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, एवढ्यापुरती त्याला स्थगिती दिली; सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. एकोणीस वर्षांनंतर दोन प्रश्न एकाच वेळी उघडे पडले. हे कोणी केले, आणि ज्यांनी केल्याचे सिद्ध झाले नाही त्यांच्या गेलेल्या वर्षांचे काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे डब्यात मिळणारी नव्हती. पण २००६ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता असे उतारू आता त्याच डब्यात उभे असतात, आणि त्या दिवसाची हकिगत त्यांच्यापर्यंत बव्हंशी तोंडोतोंडीच पोहोचते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये म्हटले होते, की माणूस एकटा आठवत नाही, तो ज्या गटात वावरतो त्या गटाच्या चौकटीत आठवतो. गट मोडला की आठवणही विरते. निवृत्त होणाऱ्याचा शेवटच्या प्रवासात शाल-श्रीफळ देऊन होणारा सत्कार आणि ग्रुपमधील कोणी गेल्यास त्याच्या घरच्यांसाठी काढली जाणारी वर्गणी यांकडे या दृष्टीने पाहायला हवे.

अर्थात ग्रुपची दुसरी बाजू झाकण्याचे कारण नाही. बॅगा, रुमाल टाकून जागा अडवणे, बोरिवली-भाईंदरच्या उतारूला विरार गाडीत चढू किंवा उतरू न देणे, विरोध करणाऱ्याला घेरणे, या तक्रारी जुन्या आहेत आणि खऱ्या आहेत. आरक्षित नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला अटकाव करणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५५ नुसार गुन्हा आहे. आपल्या माणसासाठी जागा धरणारा ग्रुप अनोळखी माणसाला किती सहज बाहेर ठेवतो, हे पाहिले की आपुलकीचे अवाजवी गोडवे गाण्याचा मोह आवरतो. मूळ कारण मात्र गाड्यांच्या तुटवड्यात आहे. बोरिवली-विरार चौपदरीकरण २००७ मध्ये पूर्ण झाले, २००९ मध्ये पंधरा डब्यांची गाडी आली, नंतर वातानुकूलित गाड्याही आल्या. वस्ती या सगळ्यांच्या पुढे धावत राहिली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि लोकल थांबली. १५ जूनला ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती सुरू झाली. ग्रुप दुभंगले: रुग्णालय, पालिका, बँक यांतले गाडीत आणि बाकीचे घरी किंवा एसटीच्या रांगेत. जुलैमध्ये बस मिळेना म्हणून नालासोपाऱ्यात संतप्त प्रवासी रुळांवर उतरले. सर्वसामान्यांना ठरावीक वेळांत प्रवास करता आला तो १ फेब्रुवारी २०२१ पासून. त्यानंतर पुन्हा निर्बंध आले, आणि लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी दार उघडले ते १५ ऑगस्ट २०२१ रोजी.

या काळात गप्पा मोबाइलवर गेल्या. गाडी किती उशिरा आहे हे कळवण्यासाठी काढलेले व्हॉट्सअॅपवरचे गट आता गाडीविनाच चालू लागले. प्राणवायूची खाट कुठे आहे, कोणाचा पगार कापला, कोण गेले, हे सारे तिथेच. जानेवारी २०२१ मध्ये शार्दूलने ब्रिस्बेनच्या कसोटीत ६७ धावा आणि सात बळी अशी कामगिरी केली, भारताने १९ जानेवारीला मालिका जिंकली, तेव्हा पालघर-विरारच्या बहुतेक चाकरमान्यांना अजून गाडीत प्रवेश नव्हता. तो जल्लोष घरात बसून, अंगठ्यानेच साजरा झाला.

गाड्या पूर्ववत झाल्यावरही हे गट मिटले नाहीत. त्यांत आता तिन्ही प्रकारची माणसे आहेत. रोज प्रवास करणारी, आठवड्यातून दोनच दिवस कार्यालयात जाणारी, आणि निवृत्त होऊन अर्नाळ्याला किंवा मुलाकडे पुण्याला राहणारी. सकाळी सातच्या सुमारास पहिला संदेश येतो तो बहुधा या तिसऱ्या प्रकारच्या माणसाचा. गाडी वेळेवर आहे का, असे तो विचारतो. जायचे त्याला कुठेच नसते, पण डब्यातून कोणी तरी उत्तर देतो.