तिरक्या भोकाला स्क्रू कोणता?

मैत्रिणींनो, गटात रॅक, स्टूल बनवता ना? मग स्क्रू घेताना घाई नको. एक सांधा उकलला की माल परत येतो आणि नफा तिथेच जातो.

फळीला आतल्या बाजूने तिरकं भोक पाडून ती दुसरीला जोडतात, त्याला पॉकेट होल म्हणतात. त्याच्या स्क्रूत तीन गोष्टी बघायच्या.

डोकं : खालून सपाट, वॉशरसारखं रुंद हवं. नेहमीच्या स्क्रूचं डोकं खाली निमुळतं असतं. ते पाचरीसारखं घुसतं आणि लाकूड चिरतं.

आटे : प्लायवूड, पाईनला विरळ आटे. शिसव, बाभळीसारख्या कठीण लाकडाला बारीक, जवळजवळचे आटे.

लांबी : फळी १८-१९ मिमी जाड असेल तर सव्वा इंची (३२ मिमी), १२ मिमी असेल तर एक इंची. जास्त लांब घेतला तर टोक बाहेर येतं आणि हाताला लागतं. जिगही फळीच्या जाडीप्रमाणेच लावा.

आधी टाकाऊ तुकड्यांवर एक सांधा जोडा, जोर लावून ओढून बघा. टिकला, तरच स्क्रूचं पूर्ण पाकीट घ्या.