राक्षसाच्या पाठीवरची चेन

सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटायची. कंपनीची बस येऊन माणसं घरी पोचेपर्यंत पिक्चर सुरू करायचा नाही, हा आमच्या गल्लीचा नियम होता. पिंपरी-चिंचवडजवळच्या थेरगावात तेव्हा इमारती मोजक्या आणि शेतं जास्त. गणपतीच्या दहा दिवसांत एक रात्र व्हिडिओची असायची. भाड्याचा रंगीत टीव्ही, शेजारी व्हीसीआर, आणि तीन कॅसेटी. पहिली देवाधर्माची, दुसरी मारामारीची. तिसरी भुताची, ती लागायची रात्री दोननंतर, लहान मुलं झोपली असं मोठ्यांनी गृहीत धरल्यावर. आम्ही फक्त त्या तिसरीसाठी डोळे ताणून जागे असायचो.

अशाच एका रात्री एक जपानी राक्षस शहर तुडवत होता. कॅसेटला कव्हर नव्हतं, त्यामुळे नाव आजही माहीत नाही. राक्षसाने पाठ फिरवली आणि मागून आवाज आला, ‘‘थांबव रे जरा.’’ आवाज माझ्या वडिलांचा. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पिंपरीतल्या एका कारखान्यात ते टूलरूमला होते. चित्र थरथरत थांबलं. अण्णा उठून टीव्हीपाशी गेले आणि काचेवर बोट ठेवलं. ‘‘ही बघा चेन. मानेपासून खालपर्यंत. आत माणूस आहे. त्याला बाहेर काढायला तेवढीच वाट.’’

पोरं हसली. मला हसू आलं नाही. आत माणूस आहे, त्याला दिसतं कुठून, तो श्वास कसा घेतो, किती उकडत असेल, हे प्रश्न मला त्या रात्री पडले आणि त्यांनी आजतागायत माझी पाठ सोडलेली नाही. भीती तर तसूभरही कमी झाली नाही. तिच्या जोडीला एक आदर आला, एवढंच.

आतल्या माणसाला किती उकडतं याचं उत्तर पुढे वाचायला मिळालं. 1954 साली इशिरो होंडा यांनी ‘गॉडझिला’ काढला. बांबू आणि तारेच्या सांगाड्यावर चढवलेला त्याचा पहिला पोशाख सुमारे शंभर किलोचा होता. आत शिरून चालायचं काम हारुओ नाकाजिमा या नटाकडे होतं. दिव्यांच्या झोतात तो घामाने निथळायचा आणि काही पावलांत कोसळायच्या बेताला यायचा. ट्रिक दृश्यांचे प्रमुख एजी त्सुबुराया यांनी कॅमेरा नेहमीपेक्षा जलद फिरवून चित्रण केलं. अशी फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवली की हालचाल संथ होते आणि माणसाच्या उंचीचा रबरी प्राणी डोंगराएवढा जड वाटू लागतो. ती आरोळी कुठल्याही जनावराची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारेवर चामडी हातमोजा घासून ती काढली. बांबू, तार, हातमोजा. हिरोशिमाला जेमतेम नऊ वर्षं झाली होती. अणुस्फोटाची धास्ती एवढ्या साध्या सामानातून उभी राहिली, आणि ती आजही पोटात गोळा आणते.

अण्णांचा लाडका मात्र ‘किंग काँग’. 1933 सालचा. त्यातला अजस्र वानर बहुतेक दृश्यांत दीड-दोन फुटांचा बाहुला आहे. आत धातूचा सांगाडा, त्याच्या सांध्यांत गोळी आणि वाटी, वर रबर, आणि त्यावर सशाची कातडी. विलिस ओब्रायन आणि त्यांचे सहकारी तो बाहुला केसभर हलवायचे, एक चित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवायचे. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं. हे मी वाचून सांगितलं तेव्हा अण्णांनी एकच गोष्ट विचारली, ‘‘सांधा सैल पडत नसेल का?’’ ज्याने आयुष्यभर फिक्स्चर आणि जिग बनवले, त्याला हाच प्रश्न पडणार. बाहुला दिलेल्या जागी थांबला नाही, तर दिवसाचं काम वाया. गोळी आणि वाटी यांची पकड अशी हवी की हाताने हलेल, पण स्वतःच्या वजनाने ढळणार नाही.

काँग नीट पाहिला तर त्याची फर सतत सळसळताना दिसते, जणू अंगावर वारा खेळतोय. तो वारा नव्हे. प्रत्येक चित्रासाठी बाहुला धरणाऱ्या बोटांनी केस विस्कटायचे, आणि ते तसेच चित्रात उतरायचे. नव्वदहून अधिक वर्षं झाली, ती माणसं गेली, त्यांच्या बोटांचे ठसे मात्र अजून पडद्यावर हलताहेत. जुन्या भयपटांवर माझा जीव का, असं कुणी विचारलं की मी ही फर दाखवतो.

म्हणूनच हे पिक्चर पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ज्या नजरेने पाहिले गेले, ती नजर मला मोलाची वाटते. इथला प्रेक्षक फिटर, टर्नर, वेल्डर, पेंटर होता. दिवसभर लोखंडाला आकार देणारी माणसं रात्री पडद्यावरचं भूत बघायची आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चर्चा चालायची ती जबडा कसा उघडला असेल याची. ‘‘खोटं आहे’’ हे वाक्य इथे तक्रार म्हणून कधी ऐकू आलं नाही. खोटं आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. काम किती साफ आहे ते बघायचं होतं.

आपल्याकडे या कामाचा वारसा थेट दादासाहेब फाळक्यांपर्यंत जातो. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली आणि पाण्याखाली त्या अवाढव्य सर्पाशी झुंजली. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करायचे, त्यामुळे हातचलाखी त्यांना परकी नव्हती. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने जुन्या रिळांचा ध्यास घेतला, म्हणून फाळक्यांचं असं काम आपल्याला पाहायला तरी मिळतं. भुताखेतांच्या स्वस्त पिक्चरांना असा वाली क्वचितच लाभला. त्यांच्या कॅसेटी आपल्या पावसाळी हवेत माळ्यावर बुरशी धरून गेल्या.

त्या कॅसेटींत सर्वांत जास्त मागणी रामसे बंधूंना. वडील फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं. 1970 साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला, पण त्यात राक्षसी मुखवटा चढवून चोरी करणारे पृथ्वीराज कपूर बघायला लोक पुन्हा पुन्हा येतात, हे मुलांच्या लक्षात आलं. तिथून त्यांनी वाट धरली. सात भाऊ, आणि प्रत्येकाकडे एक खातं. तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला. 1972 च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला गेलं. एका घरातल्या वर्कशॉपसारखा हा कारखाना. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत अशी भावांची शॉप्स आम्ही रोज बघत होतो, त्यामुळे रामसे आम्हाला आपल्यातले वाटायचे.

1984 च्या ‘पुराना मंदिर’मधला सामरी आठवतो? तो उंचापुरा, दगडी चेहऱ्याचा. तो साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. हे कळल्यावर आमच्या गल्लीत त्यांचा मान दुपटीने वाढला. त्या चेहऱ्यावर मेकअपवाल्याला फार थापावं लागत नसे, पण श्रेय चेहऱ्याचं नाही. पावलं टाकण्यातला तो संथपणा, मान न वळवता अख्खं अंग वळवणं, हे त्या माणसाने कमावलेलं होतं.

मराठीत भूत आलं ते हसत. महेश कोठारे यांचा ‘धडाकेबाज’ 1990 चा. त्यात बाटलीतला गंगाराम होता आणि कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ. मग 1993 साली ‘झपाटलेला’ आला. त्याच्या कल्पनेवर 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’ची सावली आहे, हे उघड आहे. पण त्यातला बाहुला तात्या विंचू हा पूर्णपणे आपला. तो घडवला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये हे शब्दभ्रमकार, अर्धवटराव हा त्यांचा बाहुला. म्हणजे तात्या विंचूच्या मागे एका घराण्याच्या दोन पिढ्यांचा हात आहे. दिलीप प्रभावळकरांनी त्याला आवाज दिला, आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे आपला लक्ष्या. तो बाहुला लोक का विसरत नाहीत, याचं कारण मला लक्ष्याच्या डोळ्यांत दिसतं. निर्जीव वस्तूसमोर इतक्या मनापासून घाबरणं फार अवघड काम आहे. लक्ष्या घाबरला म्हणून तात्या जिवंत झाला.

दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ आणि ‘जायंट रोबो’ यांनी आम्हाला अंतराळ दाखवलं. 1995 पासून केबलवर कार्टून नेटवर्क आलं आणि धाकट्या भावंडांना ‘स्कूबी डू’ मिळाला. प्रत्येक गोष्टीत भूत, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मुखवटा ओढला की आत एखादा लोभी माणूस. त्याच काळात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळेत येऊन पाणी शिंपडून नारळ पेटवून दाखवायचे आणि मग शेंडीत लपवलेला सोडियमचा तुकडा उघड करायचे. माझ्या मनात हे दोन्ही धडे एकाच वहीत लिहिलेले आहेत. काही लोक म्हणतात, भुताचे पिक्चर बघून मुलं अंधश्रद्ध होतात. माझा अनुभव उलटा आहे. ज्याने मुखवट्याच्या आतली चेन पाहिली, तो पुढे कुठल्या बाबाच्या अंगाऱ्याला सहजासहजी भुलत नाही.

भीतीचा खरा खोल झरा मात्र मराठीत छापील पानातून आला. नारायण धारप यांची पुस्तकं वाचनालयात कधी जागेवर नसायची. वाड्यातली एक बंद खोली, एक वास, एक म्हातारी. एवढ्यावर ते रात्रीची झोप उडवायचे. राही अनिल बर्वे यांना धारपांच्या एका कथेतून ‘तुंबाड’ या चित्रपटाचं बीज मिळालं. 2018 साली तो आला तेव्हा फार चालला नाही. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. मी कॉलेजात शिकणाऱ्या भाचीला घेऊन गेलो. साखळदंडातली ती आजी पडद्यावर आली आणि भाचीने माझा दंड पकडला. बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं, की आजीच्या मेकअपखाली मोहम्मद समद हा मुलगा आहे, त्याच पिक्चरमध्ये पांडुरंगचं काम करणारा. ती चालता चालता थांबली. ‘‘मामा, म्हणजे त्या सुरकुत्यांच्या आत एक पोरगा बसलाय?’’

दुसऱ्या रविवारी ती घरी आली ती थेट माळ्यावर चढली. तिथे अण्णांचा बकासुर आहे. एका वर्षी आमच्या मंडळाने भीम-बकासुराचा हलता देखावा केला होता, त्याचं हे डोकं. कागदाच्या लगद्याचं, गेरूने रंगवलेलं. जबड्याला दाराची बिजागरी, भंगारातून आणलेली वायपरची मोटर, आणि मोटरच्या दांड्यावर अण्णांनी हाताने घासून बनवलेला अंड्याच्या आकाराचा कॅम. कॅमचा फुगीर भाग वर आला की जबडा उघडायचा, फुगीर भाग सरला की स्प्रिंग तो बंद करायची. मिटताना दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. तो आता कडक होऊन तडकला आहे.

भाचीने डोकं उलटं करून मांडीवर घेतलं आणि मागच्या भोकातून मोबाइलचा उजेड टाकला. मोटर केव्हाच जळाली होती. तिने कॅम बोटाने फिरवून पाहिला, बिजागरीत खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले, परत फिरवला. करकर वाजत जबडा उघडला.

‘‘ट्यूबचा तुकडा आहे का घरात?’’ तिने विचारलं. मी सायकल पंक्चरवाल्याकडे निघालो.