चौकोनी कडीचा कारभार

2026 च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली आणि बऱ्याच घरांतल्या बाल्कन्या रिकाम्या झाल्या. मुळशी-मावळच्या रस्त्यांवरून परदेशी सायकलपटू सुसाट जाताना पाहिले, की लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेली आणि पुढे टॉवेल वाळत घालण्याच्या कामी आलेली माउंटन बाइक आठवते. टायरमध्ये हवा, चेनला तेल, आणि रविवारी पहाटे थेट सिंहगड. चढताना दमाशिवाय कशाचीच तक्रार नसते. खरी परीक्षा उतरताना. पहिल्या तीव्र वळणावर लिव्हर पार हँडलला टेकतो, किंवा ब्रेक असा किंचाळतो की पुढचे ट्रेकर कडेला उड्या मारतात.

मग दुकानात निदान ठरलेलं. ‘ब्लीड करावं लागेल’, म्हणजे ऑइल बदलून आतली हवा काढावी लागेल, किंवा ‘ब्रेकच बदला, वरचं मॉडेल आलंय’. माझ्या मते ही दोन्ही औषधं बहुतेकदा भलत्याच रोगावर दिली जातात. रोग असतो हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या भागातल्या, एका रबरी कडीचा, आणि तिच्याकडे कुणी बघतच नाही.

कॅलिपरमधल्या प्रत्येक पिस्टनभोवती एक सील असतं. त्याचा छेद गोल नसतो, चौकोनी असतो. लिव्हर दाबला की ऑइल पिस्टनला पुढे ढकलतं आणि पॅड रोटरला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, भिडतात. पिस्टनला घट्ट धरून बसलेली ही कडी त्याच्याबरोबर किंचित पुढे वाकते. लिव्हर सोडला की ती सरळ होते आणि पिस्टनला मागे ओढून घेते. पॅड मागे आणायला वेगळी स्प्रिंग असली तरी मुख्य काम या कडीचंच. पॅड आणि रोटरमध्ये केसाएवढी फट राहते ती तिच्यामुळेच. पॅड झिजले की पिस्टनला जरा पुढे जावं लागतं. कडीला तेवढं वाकता येत नाही, म्हणून पिस्टन तिच्यातून थोडा पुढे घसरतो आणि नव्या जागेवर बसतो. कमी पडलेलं ऑइल लिव्हरजवळच्या टाकीतून येतं. केबलच्या ब्रेकला लागतो तसा पाना लावून ताण वाढवण्याचा प्रश्न इथे उरत नाही. इतकी साधी आणि इतकी हुशार रचना मी यंत्रांत फार कमी पाहिली आहे.

पण ही हुशारी पिस्टन स्वच्छ असेपर्यंतच. पॅड झिजत जातात तसा पिस्टनचा जास्त भाग उघडा पडतो आणि त्यावर पावसाळ्यातला चिखल, पॅडची काळी भुकटी आणि उन्हाळ्यातली धूळ बसते. आता कडी पिस्टनला घसरू देत नाही, त्याला फार मागे ओढते आणि लिव्हर लांब जातो. किंवा दोनपैकी एकच पिस्टन हलतो, रोटर एका बाजूला वाकतो आणि चाक फिरताना खरखर सुरू होते. अशा ब्रेकमध्ये कितीही नवं ऑइल भरा, फरक पडणार नाही.

उपाय बिनपैशाचा आहे. चाक काढा, पॅड काढा. लिव्हर अगदी हळू दाबून पिस्टन दोन-तीन मिलिमीटर बाहेर आणा. त्याहून जास्त नको, नाहीतर पिस्टन हातात येईल आणि ऑइल फरशीवर. कानातल्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कडेनं पुसा, त्याच ब्रेकच्या ऑइलचा एखादा थेंब लावा आणि प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरनं पिस्टन सावकाश आत ढकला. हलणारा पिस्टन दाबून धरा आणि अडेलतट्टूला एकट्याला बाहेर येऊ द्या. हे चार-पाच वेळा केलं की दोघे एका चालीनं चालू लागतात. सांडलेलं ऑइल पुसल्याशिवाय पॅड परत बसवू नका. मग पॅड आणि चाक लावून कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर घट्ट दाबून धरा आणि तसेच बोल्ट आवळा. कॅलिपर रोटरच्या मधोमध येतो.

ब्लीडिंग कधीच नको, असा याचा अर्थ नाही. लिव्हर लांब जातो पण शेवटी कडक लागतो, तर दोष बहुधा पिस्टनचा किंवा संपलेल्या पॅडचा. लिव्हर मऊ लागतो आणि दोन-तीनदा दाबल्यावर कडक होतो, तर आत हवा आहे, ब्लीड करायलाच हवं. लिव्हर कडक आहे, पण सायकल थांबत नाही, तर पॅडवर तेल गेलंय. चेनवर मारलेला स्प्रे हा इथला नेहमीचा गुन्हेगार. आणि वर ठीक असलेला ब्रेक अर्ध्या घाटात गायब होऊन चहाच्या टपरीवर परत येत असेल, तर ऑइलमध्ये पाणी मुरलंय आणि ते उकळतंय.

उकळतंय हे अलंकारिक नाही. सायकल आणि स्वार मिळून 95 किलो, उतार 600 मीटर उंचीचा, म्हणजे साडेपाचशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा. घरातलं दीड लिटरहून जास्त पाणी तेवढ्यात उकळीला येतं. थोडा वाटा हवा आणि टायर उचलतात, पण जो भीतीनं सतत ब्रेक धरून उतरतो त्याचा बहुतेक भार दोन पातळ पोलादी चकत्यांवर पडतो. वळणाआधी जोरात ब्रेक लावून सोडून देणारा त्यांना गार व्हायला वेळ तरी देतो. ही उष्णता या खेळाच्या पाचवीलाच पुजलेली आहे. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या जाडजूड सायकलींची डोंगरउतारावर शर्यत लावू लागले. मागच्या हबमधला ब्रेक एवढा तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि शर्यतीनंतर हब उघडून ते पुन्हा भरावं लागे. शर्यतीला ‘रिपॅक’ नाव पडलं ते त्यामुळेच.

ऑइलचे दोन पंथ आहेत. शिमानो आणि मागुरा मिनरल ऑइल वापरतात, होप आणि हेज डॉट फ्लुइड. स्रॅम वर्षानुवर्षं डॉटवाली, पण 2022 च्या डीबी8 आणि 2024 च्या मेव्हन ब्रेकमध्ये तिनंही मिनरल ऑइल घेतलं. डॉट फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. मानकानुसार ताजं डॉट 5.1 किमान 260 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, पण 3.7 टक्के पाणी मुरल्यावर ही हमी 180 वर येते. कोकणातल्या दमट हवेत ते वर्षातून एकदा बदलावंच. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही म्हणून ते जन्मभर पुरतं, हा मात्र भाबडेपणा. आत शिरलेलं पाणी खाली कॅलिपरमध्ये, म्हणजे सगळ्यात तापणाऱ्या जागी, जाऊन बसतं आणि शंभराच्या आसपास उकळतं.

आणि स्कूटरच्या गॅरेजमधली डॉट 4 ची बाटली मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये चुकूनही ओतू नका. तीच आपली चौकोनी कडी फुगते आणि सगळा ब्रेक निकामी होतो. लिव्हरवर काय लिहिलंय ते वाचायला दहा सेकंद पुरतात.

ब्रेक सुधारायचाच असेल, तर महागडा सेट घेण्याआधी रोटर मोठा करा. 160 ऐवजी 180 मिलिमीटरचा रोटर आणि योग्य ॲडॅप्टर लावला की त्याच दाबात साडेबारा टक्के जास्त जोर मिळतो, शिवाय उष्णता पसरायला जागा वाढते. फोर्क तेवढा रोटर पेलतो का, हे आधी पाहा. लांब घाटासाठी आणि चिखलासाठी मेटल पॅड चांगले. ते थंड असताना जरा उशिरा पकडतात, पण रेझिन पॅडसारखे एका पावसात संपत नाहीत. मात्र स्वस्त रोटरवर बारीक अक्षरांत ‘रेझिन पॅड ओन्ली’ छापलेलं असतं. त्यावर मेटल पॅड लावले तर ते रोटरच खातात. शिमानोचा रोटर 1.5 मिलिमीटरपर्यंत झिजला की तो टाकायचा.

नवे पॅड लावून थेट घाटात जाऊ नका. सपाट, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून साधारण वीसदा आणि नंतर जरा जास्त वेगातून दहादा ब्रेक लावा. दर वेळी सायकल जवळजवळ थांबू द्या, पण चाक लॉक होऊ देऊ नका. पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा बसतो आणि मगच ब्रेक पूर्ण ताकदीनं पकडतो. हे न करताच उतरलेल्यांचे ब्रेक किंचाळतात, आणि दुकानात पुन्हा ‘ब्लीड करावं लागेल’ ऐकायला मिळतं.